झाशीत चाळीस मुलींच्या भावना मोजल्या, त्याची गोष्ट

पुण्यातल्या मुलांच्या भावना बहुधा मोजून संपल्या असाव्यात. म्हणून पीएचडीच्या माझ्या मार्गदर्शकांनी फर्मावलं, "झाशीला जा." माझ्याकडे चोवीस विधानांची प्रश्नावली होती, मुलांना गणिताविषयी काय वाटतं ते मोजणारी. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत. मुलांचं अख्खं मन पाच चौकोनांत मावतं, यावर आमच्या विभागाची गाढ श्रद्धा आहे.

जाणाऱ्यांसाठी सूचना: एप्रिलमध्ये जाऊ नका. मी एप्रिलमध्येच गेलो. गाडी तीन तास उशिरा पोचली. स्टेशनबाहेर ई-रिक्षावाल्याने शंभर सांगून पन्नासात सोडलं, आणि तरी मी फसलो हे शेजारच्या प्रवाशाने फुकटात सांगितलं. लक्ष्मी गेटजवळची गरम कचोरी-जिलेबी मात्र चुकवू नका.

मुक्काम दतिया गेटजवळ, मार्गदर्शकांच्या ओळखीच्या सुधाताईंकडे. घराणं पेशव्यांच्या काळात इथे आलेलं. ताई मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. माझं मराठी ऐकून हरखल्या. "पुण्यात अजून मराठी बोलतात ना, भैया?" बोलतात म्हटलं, पण छातीठोकपणे नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच आठवीचा वर्ग. "इसमें सही-गलत कुछ नहीं. आपका लिखा कोई नहीं जानेगा," असं मी मुलींना सांगितलं आणि लगेच रोल नंबर लिहायला लावला. तीन महिन्यांनी पुन्हा भरून घेऊन उत्तरं जुळवायची होती ना!

संध्याकाळी ताईंच्या स्वयंपाकघरात गठ्ठा उघडला. गणित आवडतं? पूर्ण पटतं. गणिताची भीती वाटते? तेही पूर्ण पटतं. एकोणचाळीस मुलींना सगळंच पटलं होतं.

"मीच कल पाठ करवलं," ताई पोळी लाटत म्हणाल्या. "सगळीकडे पाचवा खाना. पुण्याच्या सरांपुढे आपली नाक नको कटायला."

चाळिसावा कागद वेगळा होता. खाली मोकळ्या जागेत एक ओळ होती आणि मी शहाण्यासारखं ती मोठ्याने वाचली: "मैडम कॉपी फेंकती हैं, इसलिए अब मैं कुछ पूछती नहीं."

वाचून झाल्यावर लक्षात आलं, वह्या फेकणाऱ्या मैडम समोरच पोळ्या लाटतायत.

लाटणं थांबलं. "रोल नंबर काय?"

"ते नाही सांगता येणार, ताई."

"अहो, काही करत नाही तिला. समझाईन फक्त." त्यांनी पिठाचा हात पुढे केला.

त्या 'समझाईन'चीच मला भीती वाटली. ज्यांच्या घरी जेवतोय त्यांनाच नाही म्हणताना लाजही वाटली. पण मुलींना शब्द दिला होता. चाळीसही कागदांचे नंबराचे कोपरे त्यांच्यादेखत फाडून, एकत्र मिसळून खिशात टाकले. त्या दिवशी माझ्या पोळीवर तूप पडलं नाही.

पुण्यात मार्गदर्शक म्हणाले, नंबर नाहीत म्हणजे ही रद्दी. माझं काम सहा महिने मागे गेलं. चोवीस विधानं रचायला मला वर्ष लागलं होतं. त्या मुलीचं काम एका ओळीत झालं.

परवा ताईंचा फोन आला. "भैया, महिना झाला, एकही कॉपी नाही फेकली. रोज वर्गात विचारते, कुणाला काही पूछना है? एक हात वर येत नाही. आता तरी सांगा, कोण ती? तिला एकटीला प्यारने विचारीन."

नंबर मला पाठ आहे.

"उद्याही सगळ्यांनाच विचारा, ताई," मी म्हटलं.