इसालेची गाठ

सकाळी जमीन-मोजणीच्या ऑफिसात शिरताना प्रत्येक जण एन्देशी बाईंपुढे जरा वाकून "शिकामो, आजी" म्हणायचा. मोठ्यांना आम्ही असाच नमस्कार करतो. बाई "मराहाबा" म्हणून तो स्वीकारायच्या. त्यानंतर दिवसभर त्यांना कोणी काही विचारत नसे.

एकतीस वर्षं त्यांनी मोशीच्या वरचा डोंगर मोजला. केळी-कॉफीच्या बागांमधली एकेक हद्द त्यांच्या पायांना पाठ होती. गाडी मी चालवायचो. मग दार-एस-सलामहून सेफू साहेब आला. वय चौतीस, माणूस चांगला. आल्या आल्या त्याने बाईंना खिडकीजवळची मऊ खुर्ची दिली. "आजी, गुडघे सांभाळा. चढ आमच्यावर सोडा."

निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. डोंगर पुन्हा पायाखाली येणार नाही, एवढं बाईंना कळलं. त्या नकाशांवर क्रमांक घालत बसल्या. आदर हेही एक फडताळच असतं, असं मला तेव्हा वाटायचं. माणूस नीट घडी करून वर ठेवून देतात.

एका मंगळवारी सेफू न्गोवी भावांच्या बागा वेगळ्या करून द्यायला वर गेला. मी खाली रस्त्यावर गाडीपाशी थांबलो; वर काय झालं ते नंतर कळलं. मोजणीच्या यंत्राच्या आड झुडपांची एक रांग येत होती, ती त्याने कापून टाकायला लावली. थोरला न्गोवी ओरडला नाही. वाटेतच मांडी घालून बसला आणि म्हणाला, "घरी जा." काम तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सेफू पहिल्यांदाच बाईंच्या टेबलापाशी रेंगाळला.

"आजी, ती लांब पानांची झुडपं कसली हो?"

"इसाले."

"तण ना?"

"हद्द," बाई म्हणाल्या. "हद्द शोधायला गेलास आणि हद्दच कापून आलास."

आधी एक जण हसला, मग सगळेच. शेवटी सेफूही.

"मग आता?"

"आता काय? किमारो, गाडी काढ."

चढावर बाई पुढे, मागे सेफू धापा टाकत, शेवटी मी. "आजी, जरा दमानं."

"गुडघे सांभाळ," बाई मागे न बघता म्हणाल्या.

कापलेल्या झुडपांचे बुंधे जागच्या जागी होते. बाईंनी बुंध्याबुंध्याला दोरी लावली. "मोज." मोजून झाल्यावर कापलेले दांडे त्यांनी सेफूकडूनच मातीत खोचून घेतले. इसाले कुठेही रुजतो. मग एका पानाला गाठ मारून ते त्याच्या हातात दिलं. "हे दे त्यांना. गाठीचं पान पुढे केलं की क्षमा नाकारता येत नाही."

थोरल्या न्गोवीने पान घेतलं, बराच वेळ निरखलं. "नाकारता येत नाही, तीच तर पंचाईत आहे," तो म्हणाला आणि सुनेला केळ्याची दारू आणायला सांगितलं. बाईंनी सुक्या भोपळ्याचे दोन पेले रिचवले. सेफूला एकच झेपला.

सोमवारी सेफू पुन्हा टेबलापाशी. हातात एक पान.

"हे कोणाला?"

"तुम्हाला."

बाईंनी पान उलटसुलट केलं. "ही गाठ आहे की बुटाची नाडी?"

"मग शिकवा."

"उद्या वर गेल्यावर शिकवते. आणि आजीच म्हणत जा, मला चालतं. पण म्हटल्यावर पुढे काहीतरी विचारत जा."

ते पान मात्र त्यांनी जपून पर्समध्ये ठेवलं. आता पुढच्या सीटवर बाई असतात, रस्ता बरोबर असला तरी मला रागावतात. मऊ खुर्चीवर यंत्राची पेटी ठेवलेली असते.