खिळ्यावरची रिंग

माझ्या मेहुण्याइतका हट्टी माणूस पुणे शहरात दुसरा झाला नाही, आणि हे मी म्हणतोय म्हणजे बघा. मी स्वतः चौथीनंतर शाळेची पायरी चढलो नाही तो मास्तरांवर रुसून, आणि आजवर कुणापुढे ‘माझं चुकलं’ म्हटलेलं नाही. पण मेहुण्यापुढे माझा हट्ट म्हणजे लहान पोरानं बर्फाच्या गोळ्यासाठी धरलेला. नारायण पेठेतल्या एका बोळात त्याचं गॅरेज. गॅरेज आपलं म्हणायचं. माझी डिझेल पिकअप आत घातली की इंजीन तेवढं छपराखाली यायचं आणि हौदा बोळात राहायचा. जाणारे-येणारे अंग चोरून जाताना विचारायचे, “अर्धीच घेतलीत का हो गाडी?” मेहुणा गाडीखालूनच सांगायचा, “पूर्ण घेतली होती. अर्धी आपल्यासाठी बाहेर ठेवलीय.”

तेव्हा हिंजवडीला काचेच्या कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या कँटीनला मी लोणी काळभोरहून रोज सकाळी सातच्या आत भाजी पोचवायचो. रोजची एवढी धाव, त्यामुळे ऑइल आणि फिल्टर बदलायला वरचेवर मेहुण्याकडे जावं लागे. दुसरीकडे हे काम अर्ध्या तासाचं. मेहुण्याकडे अख्खा दिवस. पहिला नियम म्हणजे ऑइल गरम असल्याशिवाय काढायचं नाही. थंड ऑइल घाण खाली सोडून येतं, हे मलाही पटतं. पण गरम करायचं म्हणजे काय, तर मेहुणा स्वतः गाडी घेऊन खडकवासल्याला जाणार, धरणाच्या भिंतीजवळ एका ठरावीक बाईकडची कांदाभजी खाणार आणि परत येणार. एकदा मी म्हटलं, “अरे, मी थेट लोणीहून आलोय. बॉनेटवर पापड भाजशील.” त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. “सोलापूर रस्त्याची उष्णता सपाट असते, दाजी. इंजिनात मुरत नाही.” आणि गेला. येताना कागदात बांधून माझ्यासाठी चार भजी आणली. ती मात्र थंड.

मग चेंबरचा नट काढून तो गोणपाटावर बसायचा. काळं ऑइल धारेनं येतं, मग बारीक होतं, मग थेंब थेंब. नट परत कधी बसवायचा, तर दोन थेंबांच्या मध्ये बशीतून एक अख्खा चहा पिऊन झाला की. मी घाईनं एकदा फडक्यानं ते भोक पुसलं, तर म्हणतो, “नाक पुसून सर्दी जाते का, दाजी?” पुन्हा चहा मागवला. त्यातच एक थेंब चिमटीत घेऊन वास घ्यायचा आणि माझं भविष्य सांगायचा. “गेल्या आठवड्यात तुम्ही रागात गाडी चालवलीत. घरी भांडण झालेलं दिसतंय.” झालेलं असायचं! मी कित्येक महिने या विद्येनं गार झालो होतो. पुढे कळलं, आमच्या घरी नवा फोन आल्यापासून त्याची ताई, म्हणजे माझी बायको, त्याला सगळं आधीच कळवत होती.

पण त्याची खरी खोड होती रिंगेची. फिल्टरच्या तोंडाला एक काळी रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढला की कधीकधी रिंग त्याच्याबरोबर न येता इंजिनालाच चिकटून राहते. ती न बघता वर नवा फिल्टर आवळला की रिंगेवर रिंग बसते, आणि थोड्या वेळानं सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून मेहुणा जुनी रिंग हातात घेणार, भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला लटकवणार, तिच्याकडे बघणार, आणि मगच नव्या फिल्टरला हात लावणार. खिळ्यावर रिंगांची जुडी झाली होती, देवाला वाहिलेल्या काळ्या बांगड्यांसारखी. कँटीनच्या मॅनेजरनं एकदा गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं, तर यानं माझ्या गाडीच्या नऊ रिंगा सुतळीत ओवून पाठवल्या. मॅनेजर इंग्रजी शिकलेला, गळ्यात पट्टा घालणारा. त्यानं ती माळ दोन बोटांनी उचलली आणि मला विचारलं, “याचं मी काय करू?” मी म्हटलं, “फाइलला लावा.”

एका रविवारी मात्र आमची जुंपली. मला भाजी पोचवायला दोनदा उशीर झाला होता, आणि तिसऱ्यांदा झाला तर तुमची गाडी बंद, असं मॅनेजरनं बजावलं होतं. गाडीचे हप्ते, घर, सगळं त्याच एका कामावर चाललेलं. मी मेहुण्याला म्हटलं, “आज खडकवासला नको, भजी नकोत. झटपट कर. संध्याकाळी मला माल भरायचाय.”

“झटपट पाहिजे तर झटपटवाल्याकडे जा.”

“एवढ्याशा कामाला मेहुणा कशाला? मीच करतो.”

“करा की. हात आहेत तुम्हाला.”

आलो तसाच परत. लोणीला चिंचेखाली गाडी उभी करून, थंड असतानाच ऑइल काढलं, फिल्टर फिरवून काढला, नवा लावला. पाऊण तासात काम फत्ते. बायकोला म्हटलं, “तुझ्या भावाची सगळी विद्या एवढीच.”

सोमवारी पहाटे हडपसरच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. तिथल्या तिथे गाडी बंद करून खाली उतरलो, तर मागे रस्त्यावर लांबच लांब काळी रेघ. हौद्यात मेथी, कोथिंबीर, टोमॅटो. पानटपरीजवळच्या रुपयाच्या फोनवरून मेहुण्याला फोन लावला. “कुठं आहात?” एवढंच विचारलं त्यानं. पायजम्यावरच स्कूटर घेऊन आला, पायांत ऑइलचा डबा. रस्त्यावर उताणा झाला, फिल्टर काढला, आणि आतून एकावर एक चिकटलेल्या दोन रिंगा हातात घेऊन बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं. मी टोमॅटोकडे पाहिलं. त्यानं रिंगा खिशात टाकल्या, जवळ होता तो दुसरा फिल्टर लावला, ऑइल भरलं, आणि स्कूटर टपरीवर सोडून माझ्याशेजारी येऊन बसला.

हिंजवडीला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. मॅनेजर दारातच उभा. मी तोंड उघडायच्या आत मेहुणा पुढे झाला. “साहेब, यांच्या गाडीचं ऑइल मी बदललं. रिंग माझ्याकडून राहिली. यांचा दोष नाही.” मॅनेजर म्हणाला, “म्हणजे माळा ओवता, पण काम येत नाही! अहो, मेकॅनिक बदला तुमचा.” मेहुणा म्हणाला, “बदलायलाच पाहिजे.” मी मेथीच्या जुड्या उतरवायला लागलो. गाडी चालू राहिली. घरी त्यानं ताईलाही तेच सांगितलं. तिनं त्याला चांगला फैलावर घेतला, आणि मी जेवत होतो.

त्यानंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही. फक्त एक नवीन नियम आला. जुना फिल्टर निघाला की हाक यायची, “दाजी, बोट फिरवा.” मी इंजिनाच्या तोंडावर गोल बोट फिरवून ‘स्वच्छ आहे’ म्हणायचं, मगच पुढचं काम. बोळातल्या लोकांना वाटायचं, घरच्या जावयाचा मान आहे.

पुढे बरीच वर्षं गेली. मेहुण्याला साखर लागली, नजर मंदावली, बोटांना मुंग्या येऊन काही कळेनासं झालं. गॅरेज मोबाइलवाल्याला द्यायचं ठरलं, आणि शेवटचं काम माझ्याच गाडीचं निघालं. खडकवासल्याला या वेळी गाडी मी चालवली. भजीवाल्या बाईच्या जागी तिची सून होती. परत आल्यावर त्यानं फिल्टर काढला, रिंग शोधायला चाचपडला, आणि थांबला. “दाजी, बोट फिरवा.” मी फिरवलं. रिंग इंजिनालाच होती. मी ती नखानं हळूच काढली, मागे हात करून खिळ्याला अडकवली. “स्वच्छ आहे.”

“आणि रिंग?”

“मघाशी तूच लटकवलीस की.”

तो उठला, भिंत चाचपत खिळ्याशी गेला, वरची रिंग काढून तळहातात धरली. “दाजी, ही तर आत्ता निघाल्यासारखी गरम आहे.”

“असणारच,” मी म्हटलं. “खडकवासल्याहून आलीय.”

तो परत येऊन गोणपाटावर बसला. नवा फिल्टर माझ्या हातात देत म्हणाला, “तुम्हीच लावा. आता नीट लावता.”

तेव्हासुद्धा मी नुसता फिल्टर आवळला. म्हणून इथे लिहितो, हिनं वाचलं तरी चालेल. त्या सोमवारी माझं चुकलं होतं.