भरल्या गाडीचा हादरा

काच उचलताना काही माणसं श्वास रोखून धरतात, काही शिव्या घालतात. हे गृहस्थ ‘अलगद, अलगद’ म्हणायचे. तेही हमालांना नव्हे, काचेला. हमालांनी मग त्यांचं नावच अलगदराव पाडून टाकलं आणि ते असं चिकटलं की बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, “अलगदराव, जेवण निवतंय.” दुकानांच्या दर्शनी भागाला लागणाऱ्या मोठमोठ्या काचा कापायच्या, जुन्या पिकअपवरच्या लाकडी चौकटीला उभ्या टेकवून बांधायच्या आणि स्वतः चालवत गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायच्या, यात त्यांचा उभा जन्म गेला. आपल्या हातून वाटेत काच फुटली नाही असं ते सांगायचे. ते खरं होतं, हीच तर पंचाईत. अशा माणसाला आपल्या हातांचा गर्व होतो.

त्यात गाडीला हादरा सुरू झाला.

शहरातल्या रस्त्यांवर काही नाही. हायवेला लागून काटा सत्तरच्या पुढे सरकला की आधी मागच्या काचा बारीक गुणगुणायच्या आणि पाठोपाठ सगळी गाडी थरथरायची. वेग उतरवला की पुन्हा गपगार. पहिल्यांदा झालं तेव्हा अलगदरावांनी गाडी कडेला घेऊन एकेक काच तपासली.

धाकट्या मेहुण्याचं गॅरेज होतं. मेहुणा बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नसे, पण कामाला चोख होता. त्याने पहिला प्रश्न नेमका विचारला. “भावोजी, हादरा हातात येतो की बुडाखाली?”

“हातात,” अलगदरावांनी क्षणाचाही विचार केला नाही.

“हातात म्हणजे पुढची चाकं.” त्याने पुढची चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, स्टिअरिंगचे सांधे खेचून पाहिले. हादरा होता तिथेच. मग टायर बदलले. दर वेळी तो गाडी स्वतः हायवेला नेऊन नव्वदपर्यंत पळवून आणायचा. भरलेला पेला समोर ठेवला तरी थेंब सांडला नाही, असं सांगायचा. मेहुण्याचं बोलणं निम्मं सोडून द्यावं हे खरं, पण उरलेलं निम्मंही पुरेसं होतं.

“गाडीत काही नाही, भावोजी.” हे तो पुन्हा म्हणाला तेव्हा त्याची नजर गाडीवर नव्हती. अलगदरावांच्या हातांवर होती.

घरी बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? बायकोने वाढता वाढताच विषय काढला. “एकदा शेवटचं दाखवा. गाडीत काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर किल्ली माझ्याकडे. काच घेऊन तुम्ही हायवेला जायचं नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“खोटं कुठे म्हटलं मी? तुमच्या वडिलांचं कसं सुरू झालं होतं, विसरलात का?”

विसरतील कसे? वडीलही काचच कापायचे. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. हात खिशात घालून गिऱ्हाइकांशी बोलायचे. शेवटी कप तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा सदऱ्यावर यायला लागला तेव्हा घरात कळलं. अलगदरावांच्या मनाला तेव्हापासून हा भुंगा लागलेला होता. आता ते सकाळी दाढी करताना आधी हाताकडे बघत आणि मग आरशाकडे. हात स्थिर दिसायचा. मग वाटायचं, आपण बघतोय म्हणून तो शहाण्यासारखा वागतोय. गाडीतच काहीतरी निघू दे, कितीही मोठं निघू दे, अशी त्यांनी अक्षरशः भीक मागितली. कुणाकडे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ज्या दिवशी शेवटचं दाखवायचं होतं त्या दिवशी मेहुणाच गाडी न्यायला दुकानात आला. पिकअप सकाळीच भरून तयार होती आणि हमाल काचा पुन्हा खाली उतरवत होते.

“हे काय? भरलेला माल उतरवताय कशाला?”

“तुझ्याकडे न्यायचीय ना गाडी? काच घेऊन गॅरेजमध्ये कोण येतं? तिथे तुझी माणसं हातोडे फिरवत असतात. आमच्या धंद्यात कुणालाही विचार.”

मेहुणा जागच्या जागी थांबला. “भावोजी, दर वेळी रिकामी करूनच आणली होती?”

“दर वेळी.”

“आणि हादरा येतो तेव्हा?”

उत्तर देता देताच अलगदरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. हादरा येतो तेव्हा मागे काच असते. परत येताना ते हायवेला जातच नसत. वाटेतल्या गिऱ्हाइकांकडची मापं घेत जुन्या रस्त्याने रमतगमत यायचे. रिकामी गाडी त्यांनी कधी पळवलीच नव्हती आणि मेहुण्याने कधी भरलेली पळवली नव्हती.

“चढवा परत!” मेहुणा ओरडला.

बायको गल्ल्यावरून उठून बाहेर आली. “काच घेऊन जाणार? आणि हादरा आला तर?”

“अगं ताई, तोच तर आणायचाय.”

“चालवणार कोण?”

“भावोजीच. मला बाजूला बसून हात मोकळे हवेत.” तिने भावाकडे असं पाहिलं की त्याने उगाचच दोरीची गाठ तपासायला घेतली.

हायवेला लागेपर्यंत अलगदरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. पन्नास. साठ. मेहुणा सीटवरून खाली सरकून दोन्ही तळवे गाडीच्या तळावर टेकवून बसला होता, आणि विशेष म्हणजे गप्प होता. मागून एक ट्रक अंगावर आल्यासारखा हॉर्न वाजवत होता. सत्तरला काचा गुणगुणू लागल्या. आता गाडी हलली आणि याला काहीच जाणवलं नाही, तर सगळं संपलं. मग जे काही आहे ते आपल्यातच.

“वाढवा.”

“अरे, काच आहे मागे!”

“थोडा वाढवा, भावोजी. अगदी थोडा.”

पंच्याहत्तरला गाडी थरथरली. काचांचा आवाज चढला, चौकट करकरली, अलगदरावांनी ओठ घट्ट आवळून वेग तसाच धरून ठेवला. मेहुण्याकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

“आला!” मेहुणा एवढ्या जोरात किंचाळला की गाडी जवळजवळ कडेला गेली. “मला येतोय! भावोजी, मलाही येतोय!”

इतकं गोड वाक्य अलगदरावांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“पण हा तर बुडाखाली आहे,” मेहुणा म्हणाला. “स्टिअरिंगला फारसं काही नाही. तुम्ही हातात म्हणालात आणि मी आपला पुढेच शोधत बसलो.”

“असेल. मला तसं वाटलं,” अलगदराव म्हणाले. त्या घडीला त्यांना काहीही कबूल होतं.

गाडी कडेला घेतली. मेहुणा टॉर्च घेऊन खाली शिरला आणि काळ्या हातांनी हसत बाहेर आला. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट मध्यावर ज्या बेअरिंगमध्ये बसतो, त्याचं रबर फाटून लोंबत होतं. “रिकामी असली की शाफ्ट सरळ राहतो, निभावून जातं. माल भरला की मागचं बूड बसतं, शाफ्टला बाक येतो, आणि मग वेगात तो दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा फिरतो.”

अलगदराव रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग बायकोला फोन लावला. “अगं, गाडीतच होतं!” पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “चुकलंच माझं,” ती म्हणाली.

“असू दे, असू दे,” अलगदराव राजासारखे म्हणाले.

हळूहळू चालवत गाडी गॅरेजमध्ये नेली, काचांसकट. तिथली माणसं चवड्यांवर चालायला लागली. कुणी शिंकेना. गाडी खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर घेऊन मेहुण्याने खालून नवं बेअरिंग बसवलं आणि माल पोचवायला तोही निघाला. एवढा पराक्रम करून तो गॅरेजमध्ये थोडाच बसून राहणार होता?

सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. काचा गप्प. सीट गप्प. मेहुण्याचं तोंड तेवढं चालू होतं. स्टिअरिंग कसं निवांत होतं म्हणून अलगदरावांनी कौतुकाने खाली पाहिलं.

त्या निवांत स्टिअरिंगवर त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा थरथरत होता.

बारीक, एका लयीत. त्यांनी तो दाबून धरला, तेव्हा थांबला. सैल सोडला, तेव्हा पुन्हा सुरू झाला. हादरा हातात येतो असं त्यांनी सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं. आजवर गाडीच्या थरथरीत तो मिसळून जात होता, इतकंच.

त्यांना भयंकर भीती वाटली आणि त्याहून मोठा मोह झाला. आता कोण संशय घेणार होतं? बायकोने चूक कबूल केली होती. मेहुणा त्या बेअरिंगची गोष्ट चारचौघांत वर्षभर सांगत फिरणार होता. नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं.

पुढे एक मोटरसायकल चालली होती. मागे बसलेल्या बाईच्या कुशीत मूल झोपलेलं. अलगदरावांनी तिला भरपूर जागा देऊन मागे टाकलं, मग सिग्नल दाखवून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“काय झालं? परत आला?”

“नाही. पुढे तू चालव.”

“मी? आता कशाला? आता तर लोण्यासारखी चाललीय!”

“गाडी चाललीय रे,” अलगदराव म्हणाले आणि डावा हात त्याच्यासमोर धरला.

मेहुण्याने पाहिलं. उतरून, वळसा घालून तो स्टिअरिंगवर येऊन बसला. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाला, “ताईला…”

“मी सांगतो. तू समोर बघ. मागे काच आहे.”