भिंगरीच्या लेकीचं वाचन

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. कॉलरच्या लाइनवर तिसरं मशीन तिचं. एका कॉलरला चाळीस सेकंद ठरलेले होते. ती बत्तिसात काढायची, आणि उरलेल्या आठ सेकंदांत शेजारणीच्या सुईत दोरा ओवून द्यायची, सुपरवायझरला काहीतरी ऐकवायची, नाहीतर नुसतीच स्टुलावर चुळबुळ करत बसायची. जेवणाच्या सुट्टीत तिचा डबा सगळ्यांच्या आधी संपे आणि मग इतरांचं जेवण संपायची वाट तिला बघवत नसे. बसमध्ये जागा रिकामी असली तरी ती दाराशी उभी राही, जणू तिच्या उभं राहण्यानं बस चार मिनिटं आधी पोचणार होती.

ही घाई लहानपणापासूनची. पाच भावंडांत ती थोरली. सातवीत तिची शाळा सुटली ती अभ्यासात कच्ची होती म्हणून नव्हे. घरातलं काम तिच्याइतकं भरभर दुसऱ्या कुणाकडून होत नव्हतं म्हणून. तेव्हापासून हळू चाललेलं काही पाहिलं की तिचे हात आपोआप पुढे होत.

आणि पोटी आली ती लेक अगदी उलट. बुटाची नाडी बांधायला बसली की बांधतच बसे. नवरा टँकर चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा. पोरगी त्याच्या वळणावर गेली होती. शांत, सावकाश, विचारलं तर एक वाक्य बोलणारी. मग भिंगरीच नाडी बांधे, केस विंचरे, दप्तर भरे, पेन्सिलीला टोक करी. लेक आठवीत गेली तरी यातलं काही सुटलं नव्हतं. शाळेचा धडाही तसाच. पोरगी एखाद्या शब्दावर अडखळली की आई ओट्यापाशी उभी राहूनच पुढचा शब्द सांगे, मग त्याच्या पुढचा, मग अख्खी ओळ. अर्ध्या तासाचा धडा दहा मिनिटांत उरके आणि दोघींना वाटे, झाला अभ्यास.

लिहिण्याचंही तेच झालं. सहावीत एकदा पोरीला झोप आवरेना म्हणून भिंगरीनं तिच्या वहीत दोन उत्तरं उतरवून दिली. पुढे दोनाची चार झाली. होता होता तिनं लेकीचं अक्षर हुबेहूब उचललं. तो किंचित डावीकडे कललेला ‘ळ’सुद्धा.

हे उघडकीला आलं ते प्लास्टरमुळे. पोरगी खेळाच्या तासाला पडली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सोमवारी ती हात गळ्यात बांधून शाळेत गेली, आणि दप्तरात निबंधाची वही. दीड पान, सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. वर्गाच्या बाईंनी वही पाहिली, प्लास्टर पाहिलं, आणि आईला कारखाना सुटल्यावर येण्याचं बोलावणं धाडलं.

बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वही पुढे सरकवली आणि विचारलं, “हा निबंध कोणी लिहिला?”

भिंगरीनं एक उत्तर तयार ठेवलं होतं. पण बाई नुसत्या वाट पाहत बसल्या, आणि कुणी वाट पाहत बसलं की तिला राहवत नसे. मीच लिहिला, ती म्हणाली, आणि मग भडाभडा सगळंच सांगून मोकळी झाली. कारखान्यातून यायला सहा वाजतात, पोरीला एक पान वाचायला पाऊण तास लागतो, मार्क कमी पडले तर पुढे कुठे प्रवेश मिळायचा.

बाई रागावल्या नाहीत. वहीचं त्यांना फारसं वाटलंच नव्हतं. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच होतं. गेले दोन महिने त्या पोरीला रोज वाचायला लावत होत्या आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती.

“ती पहिलं अक्षर वाचते आणि मान वर करून माझ्या ओठांकडे बघते,” बाई म्हणाल्या. “मी तोंड उघडलं की उरलेला शब्द ओळखते. पुस्तक ती वाचतच नाही हो. चेहरे वाचते.”

भिंगरी त्या दिवशी बसस्टॉपवर न थांबता चालतच घरी गेली. चार थांबे. डोक्यात एकच फिरत होतं: तेरा वर्षांची पोर, आठवीत, आणि वाचता येत नाही. आणि हे मशीनवर बत्तीस सेकंदांत कॉलर काढणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही. की लक्षात आलं होतं, आणि थांबून बघायला सवड नव्हती?

बाईंनी उपाय सुचवला होता. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मोठ्या वर्गातल्या कुणीतरी पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, आणि महिन्याभरानं, प्लास्टर निघालं की, ही पाळी तुमच्या लेकीची. त्यासाठी तिला छोट्या मुलांचं पुस्तक घरी नेऊन तयारी करावी लागेल. हे सगळं बाई पोरीशीही आधीच बोलल्या होत्या. पोरीनं होकार दिला होता, फक्त पुस्तकाला जाड कागदाचं कव्हर घालून त्यावर डाव्या हातानं ‘भूगोल’ असं लिहून आणलं होतं. वर्गात कुणी पाहिलं तर हसले असते.

आईसाठी एकच अट होती. पोरगी वाचत असताना तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि शब्द सांगायचा नाही. तिनं विचारला तरी आधी तिलाच पुन्हा बघ म्हणायचं.

ऐकायला सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी भिंगरी भिंतीकडे तोंड करून बसली. मागे पोरगी एकेक अक्षर लावत होती. गोष्ट एका शेळीची होती, ती समुद्रकाठच्या दीपस्तंभावर चढून बसते आणि उतरायला तयार होत नाही. “दी... दीप...” आणि शांतता. भिंगरीची बोटं मांडीवर नाचायला लागली. जिभेवर शब्द येऊन उभा. शेवटी ती उठली, पाण्याचा मोठा घोट तोंडात भरला आणि गाल फुगवून परत येऊन बसली. त्यानंतर रोज हाच प्रकार. पोरीला मागून फुगलेले गाल दिसत आणि वाचता वाचता तिला हसू फुटे.

पण रोज पाणी पुरलं नाही. एके दिवशी कारखान्यात टार्गेट वाढवलं होतं, अख्ख्या लाइनला तासभर जादा थांबवलं होतं, आणि घरी येऊन बघते तो पोरगी त्याच पानावर. “दी... दीपस...” तिसऱ्यांदा झालं आणि भिंगरी वळली. दीपस्तंभ, दीपस्तंभ, दीपस्तंभ, असं तीनदा ओरडली, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

पोरीनं पुस्तक मिटलं. रडली नाही. “तू शब्द सांगितलास ना, की मला वाटतं हा मला कधीच येणार नव्हता,” एवढं म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

दोन दिवस ती आईशी कामापुरतं बोलली. पुस्तक कुठे ठेवलं तेही सांगेना. भिंगरीनं त्या दोन दिवसांत कपाटं पुसली, पडदे धुतले, एक चांगली शिवण विनाकारण उसवून पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं त्याच्यावरच तोफ डागली. तुमच्यावर गेलीय, तुम्हीच बघा आता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अगं, रस्त्यावरच्या पाट्या मी अजून दोनदा वाचतो. एकदा वाचून मला कळत नाही.”

एवढ्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलत होता. भिंगरीला एकदम आठवलं, याच्या लायसन्सचे फॉर्म आपण भरले, बँकेचे आपण भरले, कंपनीची पत्रं आपण वाचून दाखवली. दर वेळी तो कागद पुढे करायचा आणि ती त्याला आळशी म्हणायची. मग तुम्ही सांगितलं का नाही, तिनं विचारलं. तू विचारायच्या आतच भरून टाकायचीस, तो म्हणाला, आणि मागे कुणाचातरी हॉर्न वाजला म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिसऱ्या संध्याकाळी भिंगरी आपणहून भिंतीकडे तोंड करून बसली आणि बसून राहिली. पंधरा मिनिटं गेली असतील. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ठरलेल्या शुक्रवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकरा वर्षांतली पहिली. शाळेत येऊ नकोस, असं लेकीनं बजावलं होतं आणि तिनं हो म्हटलं होतं. पण पाय थोडेच ऐकतात. ती पहिलीच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीच्या कडेला उभी राहिली. आत पंचवीस-तीस मुलं जमिनीवर बसलेली, समोर खुर्चीत तिची लेक, हातात ते पुस्तक, कव्हर काढलेलं. काचेमुळे आवाज नीट येत नव्हता. ओठ हलताना दिसत होते. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. भिंगरीनं पदराच्या टोकाची सुरळी करून करून दोरी करून टाकली होती.

मग ओठ थांबले. पोरीचं बोट एका शब्दावर टेकलेलं. मुलं तिच्याकडे बघत होती. पोरीनं मान वर केली, खिडकीकडे पाहिलं, आणि तिला आई दिसली. तिची नजर सरळ आईच्या ओठांवर येऊन थांबली.

कोणता शब्द अडला होता हे भिंगरीला माहीत नव्हतं. पण पुस्तक तिला पाठ झालं होतं. दोन पानं उलटलीत म्हणजे कोणता असेल हे तिनं क्षणात हेरलं. ओठ नुसते हलवले असते तरी काम झालं असतं. तिनं तोंडावर हात ठेवला, पाठ फिरवली आणि चालायला लागली. व्हरांडा, पायऱ्या, फाटक. पळाली नाही एवढंच. बसस्टॉपवर दोन बस तिच्यासमोरून गेल्या आणि तिला त्यांचे नंबरही दिसले नाहीत.

संध्याकाळी लेक घरी आली. आईनं काहीच विचारलं नाही. भूक लागलीय का म्हणाली आणि ओट्याकडे वळली. पोरीनं सावकाश बूट काढले, सावकाश हातपाय धुतले, आणि मग म्हणाली, “तू गेलीस ते बरं झालं.”

मग थोडं थोडं करून कळलं. ती थांबली तशी पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली होती, ताई, तोडून वाच ना, आमच्या बाई सांगतात तसं. मग हिनं शब्द तोडला, तीन तुकडे केले आणि जोडला. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना शेळी खाली उतरते की नाही याची काळजी होती.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आईचा हात वहीवरून उठला तसे मार्क धडाधड कोसळले. निबंधावर लाल रेघांचं जाळं येई आणि भिंगरीला खाली फक्त सही करायची असे. ती सही करताना पेन कागदातून आरपार जाईल इतका दाबे. दप्तर पोरगी स्वतः भरू लागली आणि पहिल्या आठवड्यात दोनदा चुकीच्या वह्या घेऊन गेली. शुक्रवारची पाळी तिनं आणखी तीनदा मागून घेतली. नववीत बाईंनी अर्ज करायला लावून तिला परीक्षेत जादा वेळ मिळवून दिला. तो अर्ज पोरीनंच लिहिला होता, चार वेळा.

आता ती दहावीत आहे. अजूनही हळूच वाचते. संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून घेते, आणि भिंगरी बाहेर चहाचा कप घेऊन उभी राहते, दार वाजवायचं नाही असं स्वतःला बजावत. आतून पान उलटल्याचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडतो आणि ती दुसऱ्या कामाला लागते. कधी कधी तो आवाज बराच वेळ येत नाही. चहा निवतो, आणि ती तशीच उभी असते, या पायावरून त्या पायावर.