वजनावर घेतलेला आवाज

उदगीरच्या डाळ मिलमध्ये ईश्वरप्पांची उमर गेली. मशीन बिघडायला आलं की ते आधी त्यांच्या तळहाताला कळायचं. बेअरिंग गरम झालं, पट्टा सैल पडला, सगळं ते हात ठेवून सांगत. त्या खडखडाटात कानाचं काम नव्हतं.

रिटायर झाल्यावर पहिलं काम निघालं बायकोच्या, नीलाबाईंच्या भजनांचं. त्यांचा रेडिओ बंद पडला होता, आणि भजनाशिवाय त्यांचा भाकरीला हात चालत नव्हता. ईश्वरप्पा एसटीनं लातूरला गेले. दुकानदारानं बरेच स्पीकर वाजवून दाखवले. ईश्वरप्पांनी प्रत्येकावर हात ठेवला, मग एकेक उचलून बघितला. सगळ्यात जड होता तोच सगळ्यात महाग निघाला. दोन्ही जुळलं म्हणून त्यांनी पुढं विचार केला नाही. स्पीकरचा डबा मांडीवर घेऊन परत आले.

घरात लावला तशी फरशी हादरली. ईश्वरप्पा खूश. नीलाबाई थोडं ऐकून म्हणाल्या, गाणाऱ्यापेक्षा वरचे पत्रेच जास्त बोलायलेत. ईश्वरप्पांनी वर पाहिलं. पत्रे त्यांना गप्पच वाटले. नवा माल आहे, बसायला वेळ लागतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात नीलाबाई सुपात सोलायचा लसूण घेऊन शेजारच्या धोंडप्पाच्या ओट्यावर बसू लागल्या. धोंडप्पानं भंगारातला लहानसा स्पीकर एका फुटक्या रांजणाच्या तोंडाला बसवला होता. घरात एवढा महागाचा डबा, आणि बायको भजन ऐकायला दुसऱ्याच्या ओट्यावर. ईश्वरप्पांना ते सोसेना. एका सकाळी ते तिथं गेले आणि चालू रांजणावर हात ठेवला. हाताला जेमतेम काही लागलं.

"हे तर वाजतच न्हाई," ते म्हणाले.

"अण्णा, हात काढा. कान लावा," धोंडप्पा म्हणाला.

त्यांनी कान लावला. नीलाबाईंचा लसूण थांबला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग कमरेला हात देऊन उठले आणि बायकोकडे बघितलं.

"मला ऐकू येईना."

"ठावं हाय. मिलमधी होता तवापासनं ठावं हाय, म्हणूनच तुमच्याशी वरडून बोलते. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

घरी येऊन नीलाबाईंनी डबा भिंतीपासून ओढला, खाली वाकळेची घडी घातली आणि पत्रे गप्प होईपर्यंत आवाज कमी केला. आता कसा वाजतो, ईश्वरप्पांनी विचारलं. रांजणासारखाच, त्या म्हणाल्या. थोडा तरी जास्त चांगला असेल, त्यांनी पुन्हा विचारलं. नीलाबाईंनी पुन्हा ऐकलं, आणि तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून लसूण घरातच सोलला जाऊ लागला. भजन संपलं की नीलाबाई हात हलवून सांगत, संपलं.

गल्लीत कुणी स्पीकर घ्यायला निघालं की आधी ईश्वरप्पांकडे येतं. एवढा महागाचा घेतलात, आवाज कसा आहे, असं विचारतं.

"मला ऐकू येत न्हाई," ईश्वरप्पा सांगतात. "हिला इचारा."