मेंढ्यांच्या शेडमधला वन्स मोअर

ऑपेरा बघायला मी आपणहून कधीच गेले नसते. पण माझ्या फ्लॅटमेटला, मृण्मयीला, पहिल्यांदाच सोलो मिळालेला. रोल मोलकरणीचा, गाणं एकच. आठवडाभर पॅथॉलॉजी लॅब आणि वीकेंडला कोरस, अशी ती घासत आलेली. हे गाणं जमलं तर पुढच्या वर्षी मोठा रोल, असं तिला सांगितलेलं. ती रिहर्सलला आधीच गेली होती. तिचे बाबा सांगलीहून आलेले, त्या काकांना न्यायला मी.

टार्निटहून, आमच्या उपनगरातून, निघालो. टीप: पेट्रोल वाटेतल्या बॅलरॅट गावातच भरा, पुढे फक्त मेंढ्या. शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि ड्रेसकोड ब्लॅक टाय, त्यामुळे सगळे जण पोचेपर्यंत खाकी होतात. तिकिटाच्या पैशात बाली होऊन येईल. आम्ही आर्टिस्टच्या घरचे, म्हणून फुकट.

हा ऑपेरा फेस्टिवल एका मेंढ्यांच्या इस्टेटवर भरतो; सुरुवातीला मालकाचं भाषण. आधी रिवाजाप्रमाणे कागदावरून इथल्या मूळ लोकांबद्दल आदर व्यक्त केला, आणि पुढच्याच वाक्यात त्याचे पणजोबा 'रिकाम्या माळावर' येऊन पोचले. लोकरीवर गब्बर झाले. पणजी लंडनची, गाण्यावाचून झुरायला लागली, म्हणून त्यांनी लोकर कातरायच्या शेडमध्ये स्टेज बांधलं. तेव्हापासून म्हणे अखंड परंपरा. मधल्या दोन पिढ्या इथे नुसत्या मेंढ्याच होत्या, हे माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे.

मृण्मयी गायली. काय गायली! मला ऑपेरातलं ओ का ठो कळत नाही, तरी काटा आला. आणि काका उठून उभे राहिले.

"वन्स मोअर!"

सांगलीत संगीत नाटकं बघत वाढलेला माणूस. गाणं रंगल्यावर वन्स मोअर दिला नाही, तर तो गाणाऱ्याचा अपमान. कंडक्टरची काडी हवेतच थांबली. अख्खी शेड वळून बघायला लागली. मग ऑपेरातल्या मालकिणीचं काम करणाऱ्या बाईने पुढची ओळ घेतली आणि ऑपेरा पुन्हा सुरू झाला.

या असल्या फेस्टिवलमध्ये मध्यंतर दीड तासाचं, पिकनिकसाठी. लोक शॅम्पेन उघडत होते, आम्ही दडपे पोहे. मृण्मयी ॲप्रनमध्येच आली. मॅनेजरने तिला गोड शब्दांत झापलं होतं.

"बाबा, इथे असं करत नाहीत. गेलं माझं पुढचं वर्ष."

"मग आवडलं हे कळवायचं कसं? इमेल करून?"

मालकाची म्हातारी आत्या जिनचा ग्लास घेऊन आमच्याकडे आली. तिने सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही. तिची आजी, म्हणजे भाषणातली ती पणजी, गायची तेव्हा लोकर कातरणारे कामगार शेडचे पत्रे बडवायचे, ती पुन्हा गाईपर्यंत. कामगार आत बसायचे हे पुढे घरच्यांना सांगायला नको वाटलं. जाताना ती काकांना म्हणाली, या शेडमध्ये खूप वर्षांनी कुणीतरी नीट ऐकलं.

घरी आलो, काका परत गेले. मग एका आरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मृण्मयीला फेस्टिवलचा मेल आला. त्यांच्या वेबसाइटवर इतिहासात नवा पॅरा होता: 'आमची लाडकी जुनी प्रथा.' पुढच्या वर्षी मोठ्या देणगीदारांना पत्रा बडवायला मिळणार. मेलमध्ये एवढंच: मृण्मयीला रोल तोच, मोलकरणीचा, आणि बाबांना परत आणता येईल का, ठरलेल्या जागी ओरडायला?

तिने सांगलीला फोन लावला. काका शांतपणे म्हणाले, "सांग त्यांना, वन्स मोअर आधी ठरवून देत नसतात."

मृण्मयीने तेवढंच इंग्रजीत करून पाठवलं. खाली स्वतःचं नाव, आणि रोल नको म्हणून एक ओळ.