व्याह्यांचं मैदान

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मी एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि तोवर माझी अशी पक्की समजूत होती की पेणपासून रोह्यापर्यंत माझ्याएवढा हट्टी माणूस दुसरा जन्मलेला नाही. त्या वर्षी माझी मुलगी सुमन रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात दिली, मला व्याही मिळाले, आणि माझा नंबर दुसरा लागला. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. सगळा जन्म मिठागरात गेला, तेव्हा लिहिण्यात कुठे खाचखळगा असेल तर वाचणाऱ्याने पाय उचलून टाकावा. पण व्याह्यांबद्दल लिहायचं तर ते मीच लिहायला हवं, कारण त्यांचं जे नुकसान झालं त्यात माझा हात होता.

व्याही रोह्याच्या एका कंपनीत माळी होते. म्हणजे कागदावर माळी. ते स्वतः सांगायचे, "कंपनीचं मैदान माझ्याकडं हाय," आणि ते अशा थाटात की जणू गावची पाटीलकीच सांगतायत. त्या कंपनीने फुटबॉलची टीम ठेवली होती. केरळ, गोवा, कलकत्ता असे लांबलांबचे भिडू पगार देऊन आणलेले. हजेरी पॅकिंग खात्यात, काम मैदानात. लग्नाची बोलणी करायला आम्ही नऊ माणसं पेणहून अष्टमीला गेलो. पोहे आले, मानपानाचा विषय निघणार एवढ्यात पावसाची सर कोसळली आणि व्याही बशी खाली ठेवून उठले. "तुमी बोलत बसा, मी मैदानाचं पाणी काढून येतो." एक तास झाला, दोन झाले. शेवटी छत्र्या घेऊन आम्हीच कुंडलिकेच्या पुलावरून रोह्याला मैदानावर गेलो, आणि माझ्या मुलीचं लग्न चरात उभ्या असलेल्या माणसाशी बोलून ठरलं. आमचे भावकीतले लोक परतताना वडखळपर्यंत कुरकुरत होते. मी म्हटलं, ज्याला साचलेलं पाणी कुठून काढावं ते कळतं, त्याच्या घरी पोरगी सुखात राहील. तिथीसुद्धा भटजीने तीन काढून दिल्या होत्या. त्यातल्या दोन दिवशी सामने होते म्हणून तिसरी धरली.

मैदानावर चप्पल घालून कोणी जायचं नाही हा त्यांचा कायदा. कंपनीचे मोठे साहेब एकदा पाहुण्यांना घेऊन कोपऱ्यातून आडवे निघाले, तर यांनी त्यांच्यापुढे हात आडवा केला. साहेब म्हणाले, "मला ओळखत नाही का?" व्याही म्हणाले, "मी वळखतो साहेब, गवत वळखत नाय." पाहुण्यांसकट साहेबांनी बूट हातात घेतले. आणि गवत तरी कसं लावायचे? भाताची लावणी करतात तसं, एकेक काडी, ओणवं होऊन. वाडीवरच्या बाया मजुरीला असायच्या. त्यातली एक म्हातारी फार तिखट जिभेची. ती दुसरीला म्हणायची, "लाव गो लाव. दाना येवचा नाय, पेंढा मिलवचा नाय. बावीस बापये त्यावर नाचतील नि एक शिटी वाजवील. त्यासाठी आपली कंबर मोरायची." व्याही ओळीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचे, "आवशी, दोन बोटांवर लाव, चार बोटांवर नको!" ती म्हणायची, "माझी बोटं जाड हायत, तुजी बायको बारीक बोटांची हाय, तिला आन!"

सर्वांत मोठं नवल म्हणजे या माणसाने एकही सामना पाहिला नाही. मैदानाच्या कडेला उभे असायचे, अगदी पहिल्या शिटीपासून. पण सगळ्यांची नजर बॉलवर आणि यांची बॉल जिथून निघून गेला तिथे. कोणाच्या बुटाने केवढं ढेकूळ उपटलं, कुठे टाच रुतली, एवढंच बघायचे. आपल्या टीमने गोल केला की भिडू गोल करणाऱ्याच्या गळ्यात पडायचे, आणि व्याही धावत जाऊन त्याने जिथून लाथ मारली तिथलं गवत दाबून बसवायचे. मी एकदा विचारलं, "व्याहीबुवा, आज किती झाले?" ते म्हणाले, "सतरा." सामना तर दोन-एकने सुटला होता. ते खड्डे मोजत होते. हरल्या दिवशी मात्र पुलाच्या फुटपाथवरून न जाता पलीकडच्या कडेने, नदीकडे तोंड करून घरी जायचे, म्हणजे बाजारातून येणाऱ्या कोणी विचारायला नको.

त्या वर्षी त्यांना नदीकडे तोंड करून बरंच चालावं लागलं. लीग होती कोकणातल्या आणि मुंबईजवळच्या कंपन्यांची. वरच्या गटात आठ टीम. वर्षाच्या शेवटी ज्या दोन तळाला राहतील त्यांना खालच्या गटात ढकलायचं, असा नियम. आमचे दोन पुढचे भिडू मुंबईच्या एका बँकेने पळवले, कलकत्त्याचा गुडघ्यातून गेला, आणि टीम घसरत घसरत शेवटून दुसरी येऊन बसली. मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "वरच्या गटात राहिलात तर मैदान राहील. खाली गेलात तर टीम बंद, आणि या जागेवर गोदाम." हे त्यांनी सांगितलं कॅप्टनला, पण कॅप्टन केरळचा होता, त्याला दुसरी टीम मिळाली असती. व्याह्यांना दुसरं मैदान कुठून मिळणार? त्यांनी मला एवढंच सांगितलं, "व्याहीबुवा, पंधरा वर्सं एकेक काडी लावलीय. गोदामाखाली नाय जाऊ देवचा मी."

आता एकच सामना राहिला होता, दसऱ्यानंतरचा, आपल्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी टीम वर राहत होती. पण नदीकडच्या गोलपुढे जमीन सखल. तिथे पावसाळाभर पाणी मुरून रबडी झालेली, घोट्याएवढा पाय जायचा. लीगचा तपासनीस आठ दिवसांवर येणार होता. जागा खेळण्यालायक नसली तर सामना समोरच्यांच्या मैदानावर, तिकडे मुंबईच्या बाजूला. तिथे आम्ही कधी जिंकलो नव्हतो.

इथे मी मध्ये पडलो. कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "मिठागराचा तळ कसा करतात ते मी तुम्हाला दाखवतो." आमच्याकडे हंगामाच्या आधी चिकण माती टाकून माणसं रांगेत उभी राहून अनवाणी तुडवतात, मग लाकडी फळीने चोपतात. तो तळ इतका घट्ट होतो की वर पाणी उभं राहतं, खाली थेंब जात नाही. मी पेणहून एका जुन्या बांधाची माती ट्रॅक्टरने आणली. व्याह्यांनी ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि विचारलं, "यात मीठ नाय ना?"

दहा माणसं उभी होती. मी म्हटलं, "चार पावसाळे धुतलेली माती आहे. मिठागरवाल्याला मीठ ओळखायला शिकवता का?"

ते पायजमा वर खोचून तुडवायला उतरले. दोन दिवस आम्ही तुडवलं, कॅप्टन आणि त्याचे भिडूही उतरले. वाडीवरची म्हातारी म्हणाली, "ह्या वर्साला व्याही-व्याही नाचतान, बरा हाय." तिसऱ्या दिवशी वरून पाऊल ठोकलं तर टणटण वाजत होतं. तपासनीस आला, त्याने टाच आपटून पाहिली आणि सही करून गेला. मी त्या दिवशी पेणच्या गाडीत कोणाशी बोललो नाही, एवढा फुगलो होतो.

सामन्याच्या दिवशी सकाळी गेलो तर गोलच्या कडेचं गवत पिवळं पडलं होतं आणि तळावर मिठाचं पांढरं फूल आलं होतं. मी आयुष्यभर जे फूल खरवडून पोट भरलं, तेच. व्याही खराट्याने ते झाडत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं, झाडलं की झालं.

पहिल्या अर्ध्यात तो नदीकडचा गोल राखायला आमच्याकडे आला. दुपार चढली तसा खाडीकडून दमट वारा सुटला, आणि खारी जमीन दमट वाऱ्यात घामेजते, हे पेणचं शेंबडं पोरदेखील सांगेल. मला आठवलं तेव्हा उशीर झाला होता. तळ तेल लावल्यासारखा चकाकायला लागला. अर्धा वेळ संपायला दोनेक मिनिटं असताना समोरच्याने लांबून एक साधा बॉल मारला. आमचा गोलकीपर गोव्याचा, तो उडी मारायला गेला, त्याचे दोन्ही पाय पुढे निघून गेले आणि तो बसल्या जागी बसला. बॉल त्याच्या डोक्यावरून आत. शिटी वाजली. शून्य-एक, आणि त्यावरच अर्धा वेळ संपला.

लोक हळहळले, मग एकदम सगळ्यांना सुचलं, आणि हसू पसरलं. आता बाजू बदलणार होती. पुढचा सगळा वेळ तो निसरडा गोल समोरच्यांकडे. पॅकिंग खात्यातला एक जण ओरडला, "आता बघा रं! बॉल नुसता आत ढकला, कीपर आपटतोय!" साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसले. मला स्वतःला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, माझी माती अखेर कामाला आली.

एवढ्यात व्याही शेडमधून बाहेर आले. खांद्यावर भाताच्या तुसाचं पोतं. गिरणीतून आणून ठेवलेलं, चिखल झाला की टाकायला. ते सरळ नदीकडच्या गोलपाशी गेले आणि ओंजळी-ओंजळीने तूस पसरायला लागले.

काय गलका झाला म्हणून सांगू. "अरे म्हाताऱ्या, आपल्या बाजूचा हायस का त्यांच्या?" "मैदान जातंय तुजं, मैदान!" कॅप्टन धावत आला, त्याला मराठी अर्धीमुर्धी यायची, तो हात जोडून म्हणाला, "काका, पाच मिनिट रुका. तसाच राहू द्या." मीही गेलो. मी म्हटलं, "व्याहीबुवा, बरोबरी हवी आपल्याला. एकच गोल. काय करताय हे?"

ते ओणवे होते तसेच राहिले. "माझ्या मैदानावर पाव्हण्याचा पाय मोडला तर मैदान राखून करू काय? ते काय नुसती जागा हाय?" आणि मग दुसरं पोतं आणायला निघाले. समोरचा कीपर खांबाला टेकून हे पाहत होता. तो पुढे झाला आणि त्याने पोत्याचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या अर्ध्यात आमचे भिडू जे खेळले तसे वर्षभरात खेळले नव्हते. कॅप्टनच्या भुवईतून रक्त येत होतं, तो बाहेर गेला नाही. दोनदा बॉल खांबाला लागून परत आला. आणि शेवटच्या मिनिटाला गोव्याच्या गोलकीपरने आपला गोल सोडून पुढे धाव घेतली, कोपऱ्यावरून आलेला बॉल डोक्याने असा मारला की सगळं मैदान उभं राहिलं. समोरच्या कीपरने तुसात पाय रोवले, उडी मारली आणि बोटांच्या टोकांनी बॉल वरून घालवला. तूस नसतं तर तो त्या जागी आपटला असता. शिटी वाजली. आम्ही खालच्या गटात गेलो.

साहेब गाडीत बसून निघून गेले. व्याही उपटलेली ढेकळं दाबत फिरत होते. मी त्यांच्या मागे मागे फिरलो. शेवटी माझ्याने राहवेना. आयुष्यात मी कोणाकडे चूक कबूल केलेली नव्हती, बायकोकडेही नाही. "व्याहीबुवा," म्हटलं, "मातीत मीठ होतं."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्याच दिवशी चाखून बगितली मी."

"मग तेव्हाच फेकून का दिली नाय?"

"धा माणसांत तुमाला खोटं पाडू? पोरीचा बाप तुमी." आणखी एक ढेकूळ दाबत म्हणाले, "गवत गेलं तर परत लावता येतं, म्हटलं. ती घसरंल ह्ये मला कुटं ठाऊक. त्ये तुमच्या धंद्यातलं."

ते माझ्याच धंद्यातलं होतं.

टीम मोडली. कॅप्टन मुंबईला गेला. गोदाम झालं, आजही आहे, त्यात ड्रम ठेवतात. व्याह्यांना कंपनीने गेटच्या बागेवर घातलं, तिथे ते निवृत्त होईपर्यंत जास्वंदीला पाणी घालत राहिले, पण ती बाग 'माझ्याकडं हाय' असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते जाऊन आता सात वर्षं झाली. गोदामाचं हे सगळं आम्हाला हरलो त्या संध्याकाळीच दिसत होतं. आखणीच्या खुंट्या मारायला माणसं पुढच्या महिन्यात येणार हेही ठरलं होतं. तरी अष्टमीच्या ओट्यावर बसून व्याही मला म्हणाले, "जमीन खारट ठेवून नाय द्यायची. गोदामाखाली जाईल, पन गोडी होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमन चहा टाकत होती तेव्हाच, मी व्याह्यांच्या घरातून कुदळ आणि घमेलं घेतलं आणि पुलावरून रोह्याला निघालो. व्याही मागून येत होते, मी त्यांच्यासाठी थांबलो नाही. नदीकडच्या गोलच्या दोन खांबांच्या मध्ये उभा राहिलो, तूस बाजूला सारलं, आणि मी आणलेली माती मीच खणायला घेतली.